काच कुठे फुटावी, कुठे फुटू नये

सकाळी दहाच्या सुमारास सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात इंजेक्शनांची ट्रॉली फिरू लागते. सिस्टर ट्रेमधली एक अँप्यूल उचलतात, टिचकी मारून मानेत अडकलेले औषध खाली आणतात, मानेवरचा रंगीत ठिपका आपल्याकडे करतात, कापसाचा बोळा लावतात आणि अंगठ्याने मागे दाबतात. टक् असा आवाज येतो आणि काच हव्या त्याच ठिकाणी मोडते. काही अँप्यूलवर असा ठिपका नसतो. तिथे आधी खोक्यातल्या छोट्या कटरने मानेवर एक ओरखडा काढावा लागतो. ठिपक्याखालीही कारखान्यात काढलेला तसाच ओरखडा असतो. पटकन नजरेत भरत नाही इतका तो लहान असतो, पण काच मोडायला तेवढा पुरतो.

त्याच ट्रेमध्ये रबरी बूच आणि ॲल्युमिनियमचे झाकण असलेली अँटिबायोटिकची कुपी असते. तीही काचेचीच. पण तिच्यावर असा एकही ओरखडा नको असतो. कारखान्यातून गोदामात, गोदामातून ट्रकमध्ये, तिथून रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये आणि शेवटी या ट्रॉलीवर येईपर्यंत ती फुटता कामा नये. फुटलीच तर सगळ्यांना दिसेल अशी फुटावी. केसाएवढा तडा जाऊन ती वरून धडधाकट दिसत राहिली, तर रुग्णाच्या दृष्टीने ते सर्वांत वाईट. न फुटणारी काच बनवण्याच्या धडपडीबद्दल आपण नेहमी ऐकतो. वैद्यकात प्रश्न थोडा वेगळा असतो. काच कधी फुटावी आणि कशी फुटावी, हे आधी ठरवावे लागते.

काच कमजोर असते, हा समज अर्धाच खरा आहे. तिच्यातले सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध फार मजबूत असतात. ते तोडायला किती जोर लागेल याचा हिशेब मांडला, तर साध्या पोलादालाही मागे टाकील असे उत्तर येते. प्रत्यक्षात खिडकीची काच त्या हिशेबाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच मोडते. मग बाकीची ताकद जाते कुठे? इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथ या तरुण अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे उत्तर दिले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. काच ताणली किंवा वाकवली की तो ताण सगळीकडे सारखा पसरत नाही, तो चिरेच्या टोकाशी साचतो. तिथला एक बंध तुटतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. धातूमध्ये चिरेचे टोक थोडे दबते, पसरते, बोथट होते आणि चीर थांबू शकते. काचेत ही सोय नाही. म्हणून एकदा चीर धावू लागली की पलीकडच्या कडेपर्यंत जाते.

काचवाल्याला हे अनुभवाने ठाऊक असते. तो काच आरपार कापत नाही. कटरचे चाक फिरवून वर एक रेघ ओढतो, रेघेखाली टेकू देतो आणि दोन्ही बाजूंनी दाबतो. हवेतला ओलावाही चिरेला मदत करतो. पाण्याचे रेणू चिरेच्या टोकाशी पोचून ताणलेले बंध सोडवत राहतात. त्यामुळे एखादा ग्लास आज पडूनही शाबूत राहतो आणि काही दिवसांनी ओट्यावर ठेवल्या ठेवल्या दुभंगतो. ‘आपोआप फुटला’ असे घरात म्हणतात. चीर आधीच पडलेली असते, ती हळूहळू पुढे सरकत असते एवढेच.

थोडक्यात, दुखणे काचेच्या अंगात नाही, तिच्या कातडीवर आहे. या बारीक जखमा भरून काढणे अवघड. पण जखमेच्या कडा एकमेकींवर घट्ट दाबून धरल्या तर ती उघडणार नाही. टाके घालणाऱ्या कोणालाही हे पटेल.

दाबून धरण्याची युक्ती जुनीच आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार लोखंडाची कडी लाल होईपर्यंत तापवतो, चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. लोखंड आकसते आणि लाकडाचे सगळे सांधे आत आवळून धरते. गाडी खड्ड्यात आपटली तर आधी हा दाब संपावा लागतो, मगच सांधे सैल होतात. काचेत रचना उलटी असते. बाहेरचे कवच दाबाखाली राहते आणि आतला गाभा ताण सोसतो.

हे उष्णतेने करता येते. काच सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसताना बाहेरच्याला आत खेचतो. मोटारीच्या बाजूच्या खिडक्या, बँकेचे काचेचे दार, गॅसच्या शेगडीवरची काळी काच अशी बनते. फुटली तर साखरेच्या खड्यांसारखे बोथट तुकडे होतात, खंजिरासारखी पाती होत नाहीत. या गुणाचा मूळ नमुना सतराव्या शतकातला आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला मणी तयार होतो. असे मणी राजपुत्र रुपर्टने इंग्लंडच्या दरबारात आणले आणि १६६१ मध्ये रॉयल सोसायटीत त्यांची तपासणी झाली. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, पण शेपटीचे टोक चिमटीने मोडले तर सगळा मणी क्षणात भुगा होतो. आत कोंडलेला ताण असा मोकळा होतो. शेगडीची काच कधीकधी कोणी हात न लावता बॉम्बसारखी फुटते, त्यामागेही हाच कोंडलेला ताण असतो.

पण या पद्धतीला काचेची जाडी लागते. साधारण तीन मिलिमीटरच्या खाली आतला आणि बाहेरचा थर जवळजवळ एकदमच थंड होतो, मग दाब तयार व्हायचा कसा? औषधाच्या कुपीची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असते, मोबाइलची काच त्याहूनही पातळ. तिथे आगीऐवजी मीठ कामाला येते.

हे मीठ म्हणजे सोरा, पोटॅशियम नायट्रेट. बंदुकीच्या दारूत हाच असतो. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार ठिबकमधून १३-०-४५ नावाचे जे खत सोडतात तेही हेच. ते तापवून वितळवतात आणि सुमारे ४०० अंश तापमानाच्या त्या कढईत तयार काच काही तास बुडवून ठेवतात. काचेत सोडियमचे आयन असतात, बाहेर पोटॅशियमचे. पृष्ठभागाजवळचे सोडियम बाहेर पडते आणि त्याच्या जागी पोटॅशियम शिरते. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठा असतो. एसटीच्या तिघांच्या बाकावरून एक पोर उठावे आणि त्या जागी धिप्पाड गृहस्थ बसावेत, तशी अवस्था होते. या तापमानाला काच मऊ झालेली नसते, त्यामुळे बाक रुंदावत नाही. सगळ्यांनाच अंग चोरून बसावे लागते. हाच तो दाब.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ही जोडी ओळखीची वाटेल. शरीरातल्या पेशीही रात्रंदिवस सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत घेतात. तिथे त्यासाठी ऊर्जा खर्चून पंप चालवावा लागतो. काचेत पंप नाही, उष्णता आणि बाहेरच्या पोटॅशियमची गर्दी एवढ्यावर काम भागते.

मोबाइलच्या काचेत हा दाबलेला थर केसाच्या जाडीच्या आसपास असतो. पण त्यातला दाब दर चौरस सेंटिमीटरला काही हजार किलो एवढा असू शकतो. झोताने थंड केलेल्या काचेत तो बहुधा हजाराच्या आसपास असतो. साध्या खिडकीच्या काचेत ही अदलाबदल फार सावकाश आणि वरवर होते. काचेच्या मिश्रणात ॲल्युमिनियम ऑक्साइड वाढवले तर पोटॅशियम अधिक खोल आणि लवकर शिरते.

आयनांच्या अदलाबदलीतून काचेत असा दाब निर्माण होतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल किस्लर यांनी १९६२ मध्ये निबंध लिहून दाखवले. त्याच वर्षी कॉर्निंग या काच कंपनीने केमकॉर नावाने अशी काच जाहीर केली. काच तयार होती, पण तिला काम मिळेना. चष्मे, तुरुंगाच्या खिडक्या, टेलिफोन बूथ अशा ठिकाणी ती सुचवून पाहिली. साठीच्या दशकाच्या अखेरीस काही अमेरिकन मोटारींची पुढची काच तिच्यापासून बनवली गेली. आणि इथे अपघात विभागातल्या डॉक्टरांना रस वाटावा अशी गोष्ट झाली. आदळण्याच्या चाचण्यांत काच टिकली, पण तिच्यावर आपटणाऱ्या डोक्याला बसणारा झटका वाढला. काचेने न मोडता सगळा धक्का परत केला आणि तो सोसायची वेळ कवटीवर आली.

मोटारीची पुढची काच फुटायलाच हवी. आज ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ, चिवट पापुद्रा घालून बनवतात. डोके आपटले की काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पापुद्रा ताणला जातो आणि वेग थोडा थोडा करून संपतो. तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात, चेहऱ्यात घुसत नाहीत. सीटबेल्ट न लावलेल्या चालकाला हे कितपत वाचवील हा भाग वेगळा. केमकॉरचे उत्पादन १९७१ च्या सुमारास गुंडाळले गेले.

चष्म्याच्या बाबतीत मात्र ही विद्या खरोखर उपयोगी पडली. साध्या काचेच्या भिंगावर चेंडू किंवा उडालेला खडा बसला तर काचेचे कण थेट बुबुळात जात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चष्म्याचे भिंग आघात सोसणारेच हवे असा नियम झाला. त्याची चाचणी साधी होती. सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटर उंचीवरून भिंगावर सोडायची. भिंग टिकले पाहिजे. ही परीक्षा पार व्हावी म्हणून कित्येक भिंगे रात्रभर सोऱ्याच्या कढईत पडून राहू लागली. पुढे प्लास्टिकची आणि पॉलिकार्बोनेटची हलकी भिंगे आली आणि काचेचा चष्मा मागे पडला. वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा दगड फोडण्याचे काम करणाऱ्याने आजही ‘माझा रोजचा चष्मा आहेच की’ या भरवशावर राहू नये. त्या कामांसाठी बाजूने झाकलेले वेगळे गॉगल मिळतात.

मोबाइलची कथा आता बऱ्याच जणांना माहीत आहे. २००७ मध्ये ॲपलला फोनसाठी ओरखडे न पडणारी पातळ काच हवी होती आणि कॉर्निंगने कपाटात ठेवलेली विद्या पुन्हा बाहेर काढली. फोनच्या दुकानात ‘टेम्पर्ड’ म्हणून जे संरक्षक आवरण चिकटवून देतात, त्याची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. एवढी पातळ काच हवेच्या झोताने टेम्पर होत नाही. तिला बळ दिलेच असेल तर ते याच मिठाच्या पद्धतीने. त्यावर छापलेले ‘९एच’ हे पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचे माप आहे, हिऱ्यामाणकांच्या मोजपट्टीचे नव्हे. खिशातल्या किल्लीपेक्षा वाळूचा कण या काचेला जास्त घातक, कारण वाळूतले क्वार्ट्झ काचेहून कठीण असते. कणाने काढलेला ओरखडा दाबलेल्या थराच्या खाली पोचला की मग वरचा दाब ती चीर मिटवून धरू शकत नाही.

औषधाच्या कुपीत यापेक्षा बरेच काही पणाला लागलेले असते.

कुपीची काच साधी नसतेच. जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉन मिसळलेली काच बनवली. ती उष्णतेने कमी फुगते आणि आतल्या द्रवात फारशी मिसळत नाही. इंजेक्शनांसाठी ही बोरोसिलिकेट काच उत्तम प्रतीची मानली गेली आणि आजही जगभर बहुतेक कुप्या तिच्याच असतात. पण तिच्यात दोन उणिवा आहेत.

पहिली रासायनिक. कुपी बनवताना काचेची नळी ज्योतीवर फिरवून तिचा तळ बंद करतात. त्या उष्णतेने काचेतले थोडे बोरॉन आणि सोडियम वाफ होऊन उडते आणि तळाच्या जरा वर, आतल्या भिंतीवर जाऊन बसते. तो पट्टा रसायनांपुढे दुबळा राहतो. काही औषधे त्यात महिनोन्‌महिने राहिली की तिथून पातळ पापुद्रे सुटतात आणि औषधात तरंगू लागतात. २०१० मध्ये अमेरिकेत याच कारणाने एरिथ्रोपोएटिनच्या काही लॉट बाजारातून परत घेण्यात आल्या. हे इंजेक्शन मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्त वाढवण्यासाठी देतात. त्यामुळे थेट इजा झाल्याचे तेव्हा समोर आले नव्हते, पण रक्तवाहिनीत काचेचा पापुद्रा जाणे ही कल्पनाच पुरेशी आहे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिथल्या औषध प्रशासनाने सगळ्या उत्पादकांना सावध केले.

दुसरी उणीव तड्यांची. भरणीच्या यंत्रावर मिनिटाला शेकडो कुप्या एकमेकींना घासत, आपटत पुढे सरकतात. काचेवर काच घासली की ओरखडे पडतात. काही औषधे कुपीतच गोठवून सुकवतात, तिथे तळावर आणखी ताण येतो. एखादी कुपी यंत्रावरच फुटली तर नुकसान होते, यंत्र थांबते, शेजारच्या उघड्या कुप्यांत कण उडण्याची भीती असते. पण ती निदान दिसते. तळाजवळ बारीक तडा गेलेली, तरीही न गळणारी कुपी तपासणीतून सुटू शकते. तिच्यातून जंतू आत जाऊ शकतात. मग वर छापलेल्या ‘निर्जंतुक’ या शब्दाला अर्थ राहत नाही. अशी कुपी अतिदक्षता विभागातल्या बाळासाठी उघडली गेली तर काय, याचा विचार केला की या विषयाचे वजन कळते.

जुलै २०१७ मध्ये कॉर्निंगने मर्क आणि फायझर या औषध कंपन्यांच्या सहकार्याने नवी कुपी पुढे आणली. तिच्या काचेत बोरॉन नाही, त्यामुळे ते उडून जाऊन भिंतीवर बसण्याचा प्रश्न नाही. ॲल्युमिनियम असलेली ही काच आयनांच्या अदलाबदलीने बळकट केली जाते आणि बाहेरून तिला गुळगुळीत लेप दिला जातो, म्हणजे कुप्या एकमेकींना घासल्या तरी ओरखडे कमी पडतात. यातली सगळ्यात हुशारीची बाब गाभ्यातल्या ताणाची. बाहेरचा थर दाबाखाली असल्याने लहानसहान ओरखडा पुढे जात नाही. पण एखादी चीर तो थर ओलांडून गाभ्यात पोचलीच, तर तिथला ताण तिला मधेच थांबू देत नाही. चीर धावते आणि कुपी फुटून जाते. अर्धवट तडकलेली, वरून ठीक दिसणारी कुपी ट्रेमध्ये येण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. मोटारीच्या काचेने तडे जाऊनही जागेवर राहावे अशी अपेक्षा, तर इथे धड राहा नाहीतर पार फुटून जा असा हुकूम.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, जून २०२० मध्ये, अमेरिकन सरकारने या कुप्यांचे उत्पादन वाढवण्यासाठी २० कोटी ४० लाख डॉलर दिले. तरीही जगातली बहुतेक लस जुन्या बोरोसिलिकेट कुप्यांतूनच गेली. औषधाची कुपी बदलणे म्हणजे चहाचा कप बदलणे नव्हे. औषध नव्या काचेत मुदत संपेपर्यंत टिकते का, याच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, मंजुरी घ्यावी लागते, शिवाय किमतीचा प्रश्न असतोच. काही रुपयांच्या अँटिबायोटिकला महागडी कुपी परवडत नाही. तोवर वॉर्डातली जुनी सवयच कामाची. औषध भरण्याआधी कुपी उजेडाकडे धरून तळ, खांदा आणि मान फिरवून पाहायची. तडा, तरंगणारा चमकता कण किंवा बाहेर ओल दिसली तर ती बाजूला ठेवून बॅच क्रमांकासह कळवायचे. गर्दीच्या ओपीडीत हे दोन सेकंद काढणे सोपे नसते, हेही खरे.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी. पेनमधले काडतूसही बहुधा काचेचेच असते. पेन फरशीवर पडले तर काडतूस बाहेर काढून तडा गेला आहे का ते पाहावे. तड्यातून हवा शिरली की डोस कमी पडतो आणि साखर का वाढली ते कळत नाही. इन्सुलिन फ्रीझरमध्ये किंवा त्याच्या पत्र्याला टेकवून ठेवू नये. गोठल्यावर औषध निकामी होते आणि काचही तडकू शकते.

मोबाइलची काच तडकली असेल तर तिच्यावरून बोट फिरवत महिने काढू नयेत. ही काच बळकट असली तरी फुटल्यावर शेगडीच्या काचेसारखे बोथट खडे देईलच असे नाही, तिचे तुकडे सुईसारखे असू शकतात. दुरुस्तीपर्यंत वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि फोन लहान मुलांच्या हाती देऊ नये. काच हातात खोल रुतली तर ती ओढून काढू नये. तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ फडक्याने दाब द्यावा आणि रुग्णालय गाठावे. जखम लहान दिसली तरी बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर स्नायुबंध वा नस कापली गेली असण्याची शक्यता असते आणि त्यावर वेळेत शस्त्रक्रिया लागते. काच एक्स-रेमध्ये दिसत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फार बारीक कण सोडले तर बहुतेक काच दिसते, मग ती खिडकीची असो वा बाटलीची. फुटलेल्या वस्तूचे उरलेले तुकडे कागदात गुंडाळून बरोबर नेले, तर केवढा तुकडा आत राहिला असेल याचा डॉक्टरांना अंदाज येतो.